देवस्थान, जमात, चर्च, विहार मिळून एचआयव्हीचं काम: वाटणी कशी करावी?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्यात चार संस्था एकत्र येत आहेत: अन्नछत्र चालवणारं देवस्थान, मिशनचा दवाखाना, मशिदीची जमात आणि बुद्ध विहाराचं महिला मंडळ. १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, रॅली काढायची आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या कुटुंबांना धान्य वाटायचं, असा पहिला बेत ठरतोय. पुढचं अडलंय. लाभार्थ्यांची यादी कुणी ठेवायची? निरोधचा विषय निघाला की दोन संस्था गप्प होतात, त्याचं काय करायचं? पैसा एकत्र करावा का? आणि उपास-रोज्यात गोळ्या कशा घ्यायच्या हे लोक पुजारी-मौलानांना विचारतात, त्यांनी काय सांगावं?

हिरवं पुस्तक
ते धान्यवाटप आधी रद्द करा. त्या रांगेत जो उभा राहील त्याचा आजार संध्याकाळपर्यंत गावभर झालेला असेल. त्यात फोटो आणि पाहुण्यांचा सत्कार आला, तर ज्यांच्यासाठी चाललंय ते पुन्हा फिरकणार नाहीत.

यादी करूच नका. एचआयव्ही व एड्स कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय तिचं एचआयव्हीचं निदान दुसऱ्याला सांगता येत नाही. नावं एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रात आहेत, तिथेच राहू देत. उलट्या बाजूने चाला. केंद्राच्या समुपदेशकाकडे चिठ्ठ्या देऊन ठेवा. चिठ्ठीवर फक्त क्रमांक आणि एक शब्द: 'शिधा', 'भाडं' किंवा 'फी'. ज्याला गरज असेल तो स्वतः घेऊन येईल. 'एचआयव्ही' हे अक्षर कुठेही नको, एड्सची खूण असलेल्या लाल फितीचं चित्रही नको.

अन्नछत्राच्या कोठीवरून तीच पिशवी निराधार, वृद्ध आणि क्षयरुग्णांनाही द्या. २ किलो तूरडाळ, १ किलो शेंगदाणे, १ किलो गूळ, १ लिटर तेल एवढं महिन्याला दिलं तरी आधार होतो. पिशवी मात्र सगळ्यांची एकसारखी, वार आणि वेळही तीच. व्हॉट्सॲप गट बैठकीच्या निरोपापुरता ठेवा. तिथे एकदा कुणाचा रिपोर्ट पडला की तो परत घेता येत नाही.

अजून एक. विवाह लावण्याआधी एचआयव्हीचा दाखला सक्तीने मागण्याची पद्धत चारपैकी कुठे असेल तर ती बंद करा. तपासणी माहिती देऊन, संमतीनेच व्हायला हवी. जोडप्याला एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्राचा पत्ता आणि १०९७ हा एड्सविषयी माहिती देणारा मोफत क्रमांक द्या.

समुपदेशन कक्ष
निरोधवर चौघांचं एकमत होण्याची वाट बघू नका, काम तिथेच थांबेल. दोनच गोष्टी लेखी ठरवा: व्यासपीठावरून निरोधविरुद्ध कुणी बोलणार नाही, आणि विचारणाऱ्याला समुपदेशकाकडे पाठवलं जाईल. दवाखाना ती माहिती उघडपणे देईल. युगांडाचे ख्रिस्ती धर्मगुरू कॅनन गिडियन ब्यामुगिशा यांनी १९९२ मध्ये आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं. पुढे आफ्रिकेतल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या धर्मगुरूंच्या संघटनेने नुसत्या संयमाच्या उपदेशाऐवजी चार सूत्रं धरली: सुरक्षित वागणूक, औषधोपचार, स्वेच्छेने तपासणी आणि सबलीकरण. यातली शेवटची तीन कुठल्याही कीर्तनात, खुतब्यात किंवा धम्मदेसनेत सहज बसतात. गोळ्या नियमित घेऊन विषाणू रक्तात न आढळण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. हे धर्मगुरूंनी सांगितलं तर लोक जास्त ऐकतील.

थायलंडमध्ये चियांग माईच्या संघ मेत्ता प्रकल्पातल्या भिक्खूंनी एचआयव्ही असलेल्यांच्या हातचं अन्न भिक्षेत घेतलं आणि खाल्लं. एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही, हे लोकांना त्यातून दिसलं. आपल्याकडे पंगतीत कुणाचं पान वेगळं मांडलं जातंय का, हे विश्वस्तांनी स्वतः उभं राहून बघावं.

आता गोळ्या. बहुतेक मोठ्यांना रोज एकच गोळी असते: टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. ती उपाशीपोटीही चालते. रोज्यात सहरी किंवा इफ्तार यांपैकी एक वेळ धरायची आणि महिनाभर पाळायची. निर्जळी उपासाला आधी किंवा सोडताना. गडबड होते ती ॲसिडिटीच्या औषधाने: ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड घ्यायचं असेल, तर ही गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर, नाहीतर त्या आणि ही गोळी एकत्र, जेवणासोबत. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविरची जादा गोळी १२ तासांनी असते. अशा रुग्णाचा रोजा-उपास डॉक्टरांना विचारूनच.

अंगारा द्या, दुवा करा, प्रार्थना करा. पण 'आता गोळी सोड' असं चौघांपैकी एकाही ठिकाणी कुणी म्हणू नये. गोळी सुटली की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो, आणि अर्धवट घेत राहिलं तर त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

हिशेबनीस
पैसा एकत्र करू नका. दवाखान्याला परदेशी देणगी येत असेल तर परदेशी देणगी कायद्याच्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. प्रत्येकाने आपलं काम आपल्या खात्यातून करावं: देवस्थान शिधा, जमात प्रवासभाडं, दवाखाना तपासण्या. महिला मंडळाने योजनांचे अर्ज भरावेत, कारण तिथेच लोक अडतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्त बसतात. आईवडील गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. अर्जाची झेरॉक्स दुकानात किंवा मंडळाच्या टेबलावर पडून राहणार नाही, एवढी काळजी घ्या.

कृष्णाकाठ
खूप आभार, धान्यवाटप रद्द करायला सांगतो. हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्यातल्या कुणाच्या गोळ्या संपल्या तर?

हिरवं पुस्तक
प्रवासात असलेल्या रुग्णाला दुसऱ्या एआरटी केंद्रातूनही गोळ्या मिळतात. केंद्राने दिलेलं हिरवं पुस्तक, म्हणजे उपचाराची नोंदवही, सोबत हवं आणि गोळ्या संपण्याआधी जायला हवं. निघण्यापूर्वी आपल्या केंद्रात सांगितलं तर जास्त दिवसांचा साठा मिळू शकतो. फडावर शिबिर घेणार असाल तर फलक 'आरोग्य तपासणी' असा लावा आणि रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन सगळ्यांचं करा. एचआयव्हीबद्दल आडोशाला एकेकट्याला विचारा, हो म्हणाला तरच रक्त घ्या. निकाल त्याच्याच हातात द्या. मुकादम मागायला आला तरी द्यायचा नाही, नवऱ्याचा बायकोला किंवा बायकोचा नवऱ्यालाही परस्पर द्यायचा नाही.