मदत हवी आहे: जे-झीचा '४:४४' नीट समजून घ्यायचाय

नमस्कार मंडळी. माझ्या सोळा वर्षांच्या लेकीमुळे मी अमेरिकन रॅपर जे-झीचा '४:४४' (२०१७) हा हिप-हॉप अल्बम ऐकायला लागलो. दहा गाणी, जेमतेम छत्तीस मिनिटं, पण महिना झाला, आम्ही दोघं अजून त्यातच आहोत. ब्रुकलिनच्या मार्सी वस्तीत वाढलेला, वडिलांनी सोडून दिलेला हा माणूस इथे बायकोची उघड माफी मागतो. 'स्माइल'मध्ये आईचं समलैंगिक असणं तो प्रेमाने सांगतो आणि शेवटी ती स्वतः बोलते. तिथे मला दरवेळी भरून येतं. 'लेगसी'ची सुरुवात तर त्याची लहान मुलगी मृत्युपत्र म्हणजे काय, असं विचारते तिथून होते!

अडलंय ते 'द स्टोरी ऑफ ओ.जे.' या गाण्यापाशी. त्यात गायिका नीना सिमोनचं 'फोर विमेन' (१९६६) हे गाणं वापरलंय. त्वचेच्या छटांवरून चार कृष्णवर्णीय बायकांचं आयुष्य कसं ठरतं, हे त्या गाण्यात आहे, एवढं कळलं. पण जे-झी ज्याचा उल्लेख करतो तो मालकाच्या घरात राबणारा गुलाम आणि शेतात राबणारा गुलाम हा भेद आजही इतका का बोचतो, हे मला लेकीला धड समजावता येईना. 'दलित पँथर'मुळे ब्लॅक पँथर चळवळीचं नाव माहीत आहे, त्यापलीकडे माझं वाचन तोकडं आहे.

यावर मराठीत काही चांगलं वाचायला आहे का? शिवाय घर, आईवडील, मुलं यांच्याबद्दल इतकं मोकळं बोलणारा दुसरा हिप-हॉप अल्बम कुणी सुचवेल का? शिव्या असल्या तरी चालतील, आम्ही एकत्रच ऐकतो.