बंगळूरची हवा : तुमच्या भागात नेमकं काय होतं? (अनुभव धागा)

बंगळूरला राहतो म्हटलं की गावाकडचे नातेवाईक हमखास म्हणतात, "मजा आहे बुवा, तिकडे बारा महिने एसी!" आपण हो म्हणतो आणि विषय बदलतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे सोळा-सतरा अंश आणि दुपारी तेहतीस असतं, हे फोनवर कुणाकुणाला समजावणार? शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे आणि त्या दिवसांत हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते. सकाळी अंगात स्वेटर घालून निघालेला माणूस दुपारी तो कमरेला बांधून ऑफिसच्या कँटीनमध्ये ताक शोधत असतो.

या धाग्यात आपापल्या भागाचे अनुभव लिहा. साल आठवत असेल तर जरूर द्या. "पूर्वीचं बंगळूर राहिलं नाही" एवढंच लिहायचं असेल तर सोबत काहीतरी पुरावा जोडा. घरात पंखा कधी आला, हेही चालेल.

मल्लेश्वरम, माहेर बेळगाव

पंख्याचंच सांगते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा हॉलच्या छताला पंख्याची कडीच नव्हती. घर बांधताना कुणाला गरजच वाटली नाही. पंखा म्हणजे आजारी माणसाची सोय, असं सासऱ्यांचं मत. एक टेबलफॅन होता, तो कपाटावर जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेला. पुढे मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी छताला भोक पाडून कडी बसवली, तेव्हा गवंड्याने दिवसभर धूळ उडवली होती.

एसी आला तो २०१६ नंतर. त्या वर्षी २४ एप्रिलला पारा ३९.२ वर गेला. शहराच्या नोंदींत तेवढा आकडा आधी कधीच नव्हता. सासरे असते तर विश्वास बसला नसता त्यांचा. उलट टोकाची नोंद फार जुनी, जानेवारी १८८४ची, ७.८ अंश. ती काही आपल्यापैकी कुणी अनुभवलेली नाही!

थंडी मात्र अजून बाजारात कळते. डिसेंबर लागला की आमच्या एट्थ क्रॉसला अवरेकाईचे ढीग येतात. पावट्याचाच भाऊबंद म्हणा. धुकं-दव पडलं की शेंगेला एक उग्र वास चढतो, त्याला इथे 'सोगडु' म्हणतात. भाजीवाली शेंग हातात चुरगाळून नाकाशी धरते. बोटं तेलकट झाली तर माल खरा. ज्या वर्षी थंडी ढिली, त्या वर्षी शेंगेला वासच नाही. आणि महाशिवरात्र झाली की थंडी "शिव शिव" म्हणत निघून जाते, असं इथलेही म्हणतात आणि माझी आजीही म्हणायची.

व्हाइटफील्ड, मूळ नागपूर

काकू, ३९ म्हणजे आमच्याकडे होळीनंतरची गोष्ट आहे बाप्पा! पहिल्या उन्हाळ्यात मी ऑफिसात सगळ्यांची थट्टा करायचो.

२०२४ च्या एप्रिलने ती बंद केली. नागपूरला उन्हाळ्याची तयारी असते. कूलर, वाळ्याचे पडदे, दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही नाही. इथे ३८ अंशांत काचेच्या इमारती, पश्चिमेकडे तोंड करून बसलेले फ्लॅट आणि भर दुपारी सगळं शहर रस्त्यावर. त्यात आदल्या वर्षीचा पाऊस कमी, बोअर आटलेले, सोसायटीत टँकरची पाळी. एरवी एप्रिलमध्ये दोन-चार वळीव हमखास येतात. त्या एप्रिलमध्ये शहराच्या वेधशाळेत थेंबाची नोंद नाही. १९८३ नंतर पहिल्यांदाच असं झालं म्हणे. रोज चार वाजता पूर्वेला ढग जमायचे, आम्ही गॅलरीत जाऊन बघायचो आणि ते होसकोटेकडेच विरून जायचे.

मग २ जूनला एका दिवसात १११.१ मिलिमीटर पडला. १८९१ पासूनचा जूनचा विक्रम मोडला. महिनाभर टँकरवाल्याच्या हातापाया पडणारे आम्ही, त्या रात्री तळघरातून गाड्या बाहेर काढत होतो.

बेलंदूरजवळ, मूळ सांगली

तळघराचं नाव काढलंत म्हणून. सप्टेंबर २०२२. आमच्याकडे पाणी आलं ते पहाटे, आणि आभाळातून कमी, जमिनीवरून जास्त. वरच्या अंगाची तळी भरली की जादा पाणी राजकालुव्यातून, म्हणजे जुन्या मोठ्या ओढ्यातून, खालच्या तळ्यात उतरायचं, अशी इथली मूळ रचना. त्या ओढ्यांवर आणि तळ्यांच्या काठांवर वस्ती झाली. पाण्याने आपली वाट सोडली नाही, एवढंच.

सांगलीच्या माणसाला पुराचं काय कौतुक? २००५ पाहिलाय, २०१९ पाहिलाय. पण कृष्णेचा पूर चढताना दिसतो, लोक पायऱ्या मोजत बसतात. इथे रात्री झोपलो तेव्हा रस्ता कोरडा होता आणि सकाळी लिफ्टच्या खड्ड्यात पाणी डुचमळत होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून, लॅपटॉपची बॅग डोक्यावर धरून आम्ही बाहेर पडलो. शेजारी एक आजोबा हातात पिंजरा घेऊन. पोपट सारखा एकच शिवी देत होता, तेलुगूत.

जयनगर

आमच्याकडे फोर्थ ब्लॉकला लख्ख ऊन आणि नवरा बनशंकरीत गारांच्या माऱ्यात पुलाखाली उभा, हे मे महिन्यात नेहमीचं. "शहरात पाऊस" या बातमीला काही अर्थ नसतो. कुठल्या क्रॉसला ते विचारा.

बनशंकरी, गच्चीवर बाग

वरच्या ताईंचं खरं आहे. आमच्या गल्लीचा पाऊस आमचाच असतो.

बागेच्या निमित्ताने एक समजलं. महाराष्ट्रातलं पेरणीचं गणित इथे जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्याकडे मृग म्हणजे पावसाचं तोंड. इथे जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटतो, सबंध दिवस ढगाळ, पण सह्याद्रीने बरंचसं पाणी आधीच काढून घेतलेलं असतं. इथवर येते ती भुरभुर. टोमॅटोला ऊन मिळत नाही, पानांवर करपा येतो, काठ्या वाऱ्याने आडव्या. दिवसाचा पारा मात्र मेपेक्षा पाच-सहा अंशांनी खाली. जुलैत इथे येणाऱ्या पाहुण्यांना बंगळूर जास्त आवडतं ते यामुळेच.

खरा जोरदार पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात. नैर्ऋत्येचा जाता जाता आणि ईशान्येचा येता येता, दोन्ही. पहिल्या वर्षी दसऱ्याला पेरलेली मेथी दोन तासांत गच्चीच्या पन्हाळीतून खाली गेली. खालच्या मजल्यावरचे हासनचे गौडा हसत म्हणाले, "हस्ताचा पाऊस आहे, थांबायचं होतं." नक्षत्रांची नावं तीच, वागणूक वेगळी. आता पालेभाजी दिवाळीनंतरच. जानेवारीत गुलाब असे येतात की शेजारी देवाला मागायला येतात.

इंदिरानगर

चेन्नईला वादळ आलं की हुडहुडी आम्हाला भरते, यावर कुणी लिहिलं नाही अजून? डिसेंबर २०२२ मधलं मँडूस आठवा. इथे ना वारा ना पूर. दिवसभर राखाडी आभाळ आणि बारीक रिपरिप. ऊन नसल्याने दुपारचा पारा चढतच नाही, आणि ढगांच्या गोधडीमुळे रात्री फारसा उतरतही नाही. दुपार आणि मध्यरात्र जवळपास सारखीच गार. दोरीवरच्या जीन्सला कुबट वास, शेवटी इस्त्रीने वाळवल्या.

हेब्बाळ, रोज विमानतळाकडे ड्युटी

शहराचा आणि देवनहळ्ळीचा पारा एक समजू नका. पहाटे तिकडे गारठा जास्त, मोकळं माळरान आहे. डिसेंबर-जानेवारीत धुकं उतरलं की सकाळची विमानं खोळंबतात. पुण्याच्या पहिल्या विमानाने लग्नाला जाणाऱ्यांनी आदल्या दिवशीच निघावं. मुहूर्त चुकून रडवेली झालेली करवली पाहिलेली आहे.

एचएसआर, एका सहा वर्षांच्या मुलाची आई

आमच्यासाठी थंडीपेक्षा तफावत वाईट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुलाची छाती वाजते. शाळा सुटते तेव्हा ऊन चटका देतं, हा स्वेटर दप्तरात कोंबतो, घामाघूम खेळतो आणि सूर्य मावळला की अर्ध्या तासात हवा गार पडते. डॉक्टरांनी सांगितलेली औषधं नियमित चालू आहेत. आमच्या बाजूने एकच नियम: सहाच्या आत घाम पुसून कोरडा शर्ट, मग पुढचा खेळ. रस्त्याच्या खोदकामाच्या धुळीवर मात्र नियम चालत नाही.

कोथरूड, पुणे (बाहेरून डोकावतोय)

थंडीचं कौतुक पुरे! आमच्याकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तुमचा बाराच्या खालीही क्वचितच. ती काय थंडी?

धागाकर्ता

मान्य, जानेवारी तुमचा. एप्रिलच्या रात्री बोलू. पुण्यात दुपार चाळिशीला टेकते, इथे तो आकडा अजून गाठलेला नाही, आणि वळीव पडला की रात्री चादर लागते.

मूळ लातूर, मेमध्ये नोकरीसाठी येणार

सगळं वाचलं. नेमकं काय आणू? कूलर ट्रकमध्ये चढवू का?

व्हाइटफील्ड, मूळ नागपूर

कूलर नको भाऊ. मेमध्ये वळीव सुरू झाले की हवा दमट होते, तो काही कामाचा नाही. वरच्या मजल्याचं आणि पश्चिमेच्या खिडक्यांचं घर टाळा. तळमजला घेणार असाल तर सप्टेंबरात गल्लीत पाणी कुठवर येतं ते घरमालकाला नाही, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा.

जयनगर

आणि गाडी गुलमोहराखाली किंवा त्या मोठ्या पर्जन्यवृक्षांखाली लावू नका. मेच्या वादळात फांद्या पडतात. विम्याचे कागद हाताशी ठेवा.