नवी पिकअप: टॉर्क वाढला, तरी लोडवर पाचव्यात ओढत का नाही?

पिंपळगाव_मालवाहतूक
दोन पिकअप आहेत. जुनी बीएस४ (आधीच्या प्रदूषण नियमांची), टॉर्क म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर २०० एनएम. नवी बीएस६, पत्रकावर २२० एनएम. दोन्हींवर दीड टन टोमॅटो असतो. नवी रिकामी असताना सुसाट पळते, पण राहुड घाट लागण्याआधीच्या हलक्या चढावर ५० च्या वेगाला पाचव्यात दम टाकते, चौथा घ्यावाच लागतो. जुनी तिथे पाचव्यातच कशीबशी निघते. टायर दोन्हींना २१५/७५ आर १५. इंजिनात फॉल्ट आहे की गिअरबॉक्सच तसा बनवलाय? टर्बो-इंजेक्टर खोलण्याआधी काय बघू? ड्रायव्हर म्हणतो ७.०० आर १५ चे मोठे टायर टाका.

सातपूर_ट्रान्समिशन
दादा, टर्बो खोलू नका. आधी क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या शेवटच्या गिअरजोडीचा, रेशो काढा.

चाकाला मिळणारी ओढ म्हणजे इंजिनचा टॉर्क गुणिले गिअरचा रेशो गुणिले क्राउन-पिनियनचा रेशो. पत्रकावर पहिला आकडा ठळक छापतात, तिसरा शोधावा लागतो. हिशेबापुरतं धरा: पाचवा गिअर दोन्हींचा ०.८, जुनीचा क्राउन ४.३, नवीचा ३.९.

जुनी: २०० × ०.८ × ४.३ = ६८८
नवी: २२० × ०.८ × ३.९ = ६८६

वाढलेले २० एनएम क्राउन-पिनियनने खाल्ले. कंपनीने हे चुकून केलेलं नसतं. लांब (आकड्याने कमी) रेशोमुळे हायवेला आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) उतरतं, डिझेल वाचतं. तुमच्या टायरवर ८० च्या वेगाला जुनीचं इंजिन साधारण २०७५ ला फिरेल, नवीचं १८८० ला. समृद्धी महामार्गावर इगतपुरी ते आमने जाताना हाच रेशो गोड वाटेल.

आता तुमचे ५०. जुनी पाचव्यात सुमारे १३०० आरपीएमवर, नवी ११७५ च्या आसपास. पूर्ण टॉर्क १४०० पासून मिळत असेल तर दोन्ही त्याच्या खालीच आहेत, पण नवी जास्त खोल. तिथे एक्झॉस्टचा जोर कमी, त्यावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा टर्बो नीट भरत नाही, आणि धूर आवरायला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) डिझेलही हात राखून सोडतो. पाय कितीही दाबा.

खरा रेशो काढायला: गाडी सपाटीवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. मागचं एकच चाक जॅकवर घेऊन ते हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलला जाणारा दांडा) फेरे मोजा. दुसरं चाक जमिनीवर स्थिर हवं. शाफ्टवर आधी खडूची खूण करा, म्हणजे पाव फेराही कळेल. जेवढे फेरे, तोच रेशो.

मोठ्या टायरचं नाव काढू नका. ७.०० चा व्यास पाच-सहा टक्क्यांनी मोठा, म्हणजे ओढ तितकीच आणखी घटणार आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवणार.

पिंपळगाव_मालवाहतूक
मोजलं. जुनीचे सव्वाचार-साडेचारच्या मधे, नवीचे चारला थोडे कमी. मग घाटात कोणता गिअर धरायचा? ड्रायव्हर चौथ्यातच रेटतो, डिझेल वाचतं म्हणतो.

सातपूर_ट्रान्समिशन
तीन टन एकूण वजन आणि ६ टक्के चढ धरला तर मागच्या अ‍ॅक्सलला साधारण ७४० एनएम लागतात. चौथा १:१ असेल तर २२० × ३.९, त्यातून दहा टक्के घर्षणात गेले की ७७० उरतात. म्हणजे काठावर, तेही आरपीएम १४०० च्या वर असेल तरच. पुढे ट्रक आडवा आला की संपलं. तिसरा घ्या, १८०० ते २२०० मध्ये ठेवा. कमी आरपीएमला रेटून डिझेल वाचेलच असं नाही. क्लचवर आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनमागचं दोन भागांचं, आत स्प्रिंगा असलेलं जड चाक) असेल तर त्याच्या स्प्रिंगांवर झटके बसतात. न्यूट्रलला खडखड आणि क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर तिकडे बघा.

गिअर जास्त असले की हा त्रास कमी होतो, कारण इंजिन कायम ताकदीच्या पट्ट्यात ठेवता येतं. अमेरिकेत फोर्ड एफ-१५० ला २०१७ च्या मॉडेलपासून दहा गिअरचा ऑटोमॅटिक आला तो काही हौसेसाठी नाही.

कसारा_उतार
सगळे चढाचंच बोलताय. नाशिकचा भरलेला माल मुंबईला जाताना कसारा घाट उतरतो, चढत नाही! नव्या गाडीत जपायचं ते तिथे. क्राउन लांब म्हणजे त्याच गिअरमध्ये इंजिनब्रेकही (रेस सोडल्यावर इंजिन गाडी धरून ठेवतं तो जोर) कमी. इंजिन लहान केलं असेल तर आणखी कमी. जुनी गाडी तिसऱ्यात जेवढी धरून ठेवायची तेवढी नवी ठेवणार नाही. घाट सुरू व्हायच्या आधीच एक गिअर खाली घ्या. उतारात वेग वाढल्यावर दुसरा पडत नाही. ब्रेक सतत घासत ठेवू नका, दाबा, वेग उतरवा, सोडा. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणं म्हणजे आत्महत्या: न्यूट्रलला इंजिनब्रेक उरत नाही, आणि ब्रेकचा पाय हलका करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूम इंजिनवरच्या पंपातून येतो.

अंबड_डिझेल
रेशोचं पटलं. तरीही एकदा स्कॅनर लावा, कारण बीएस६ मध्ये ओढ कमी होण्याची आणखी कारणं आहेत. स्वस्तापासून सुरुवात: एअर फिल्टर, इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) होजला तेलकट डाग किंवा चीर (लोडवर शिट्टी येते), अडकलेला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), शेवटी डीपीएफमधली (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर) काजळी.

शेतातून मार्केट, मार्केटमध्ये रांगेत तासभर चालू इंजिन, परत शेत, या फेऱ्यांत डीपीएफ तापतच नाही. काजळी जाळायला सुमारे ६०० अंश लागतात. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की चौथ्यात २००० आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटं सलग चालवा, मध्ये बंद करू नका. जाळणी वारंवार अर्धवट राहिली तर जास्तीचं डिझेल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते पातळ झालंय, लगेच बदला. ऑइल कमी राखेचंच घ्या, पुस्तिकेतला ग्रेड बघून.

गिअर ऑइलचंही तेच. नव्या बॉक्सला बहुतेक ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० (हा ऑइलचा जाडपणा) जीएल-४ (हा त्याचा दर्जा) लागतं. गॅरेजवाला सवयीने ड्रममधलं ९० नंबर भरतो. मग निफाडच्या थंडीत पहाटे दुसरा गिअर दगडासारखा, आणि ते जीएल-५ असेल तर गिअर अलगद पाडणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगही खराब होऊ शकतात. डिफरन्शियलला (क्राउन-पिनियन असतं तो मागचा डबा) मात्र जीएल-५ च. अदलाबदल नको.

पिंपळगाव_मालवाहतूक
डिपस्टिक बघितली, वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे. टायर रद्द.

अंबड_डिझेल
मग आज लोड भरू नका. आधी ऑइल-फिल्टर बदला, नंतर स्कॅनरवर काजळीची टक्केवारी बघून वर्कशॉपमध्ये जाळणी करून घ्या. क्रम उलटा केलात तर पातळ ऑइलवरच इंजिन तापवाल, टर्बोचं बेअरिंग जाईल.