परमिट मोडीत काढा म्हणणाऱ्यांना उत्तर

गियरबॉक्स: काल इथं एकानं लिहिलं की ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगनं, म्हणजे ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी खात्यानं, २००३ सालीच टॅक्सींच्या संख्येवरची मर्यादा उठवा असं सांगितलंय, तेव्हा कोल्हापुरातही रिक्षांचं परमिट, स्टँड, ठरलेलं भाडं सगळं मोडीत काढा, भाडी आपोआप उतरतील. अर्धाच अहवाल वाचलाय. चालकाची पडताळणी, गाडीची तपासणी आणि भाड्याची कमाल मर्यादा ठेवा, असंच त्यात म्हटलं होतं. नको होती ती संख्येची मर्यादा. ती उठवायची सक्तीही २००४ मध्ये तिथल्या सरकारनं केली नाही, निर्णय नगरपालिकांवर सोडला. आपल्या राज्यात परमिटची संख्या २०१७ सालीच खुली झाली. मग मोडायचं राहिलं काय, पासिंग, म्हणजे आरटीओची गाडी-तपासणी?

शाहूपुरीकर: लिहिणारा मीच. अहवाल तोंडावर फेकू नका. परमिट कागदावर खुलं झालं, स्टँड नाही. जवळचं भाडं म्हटलं की रांगेतला पहिला रिक्षावाला नकाराची मान हलवतो आणि दुसरा 'नंबर माझा न्हाई' म्हणतो. हा नंबर कुठल्या कायद्यात लिहिलाय? डब्लिननं २००० साली परवाने खुले केले, गाड्या वाढल्या, ताटकळणं कमी झालं.

गियरबॉक्स: डब्लिनचं पुढचंही सांगा की. गाड्या इतक्या झाल्या की २०१० पासून नवा परवाना व्हीलचेअर चढेल अशा गाडीलाच. आणि भाडं नाकारणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ खाली गुन्हा आहे. तो कायदा वापरा, मोडता कशाला?

मंगळवारपेठ_ताई: भाडी उतरतील म्हणणाऱ्यांनी ओला-उबरसारख्या ॲपचे नियम वाचावेत. केंद्राच्या २०२५ च्या सूचनांत गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत मुभा आहे, आधी दीडपट होती. उतरायचं तर निम्म्यापर्यंत. तसं इथं झालं तर नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या माणसाला दुप्पट, आणि रिकाम्या दुपारी रिक्षावाल्यानं निम्म्यात गॅस भागवायचा. मीटरचं तसं नाही.

शाहूपुरीकर: ताई, मीटर खरा चालतो कुठं? सगळे फास्ट!

गियरबॉक्स: फास्ट कसा होतो ते तरी समजून घ्या. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. रिक्षाचा ४.००-८ चा टायर साधारण ४१ सेंटिमीटर व्यासाचा. तो ५ मिलिमीटर झिजला की एका फेऱ्यात ३ सेंटिमीटर रस्ता कमी कापला जातो, मीटरला ते कळत नाही. १० किलोमीटरला सव्वादहाच्या आसपास दाखवतो. सीलला हात लावायची गरजच पडत नाही. हवा कमी असली तरी तोच प्रकार. खात्री करायची तर तावडे हॉटेलकडून कागलच्या दिशेनं हायवेच्या किलोमीटरच्या दगडांप्रमाणे पाच किलोमीटर गाडी चालवून बघायचं.

जुना_मिस्त्री: भावा, टायरवर सगळं ढकलू नकोस. सव्वादोन-अडीच टक्के टायरचे, कबूल. त्याहून जास्त पळत असेल तर चाकाकडून मीटरला जाणाऱ्या केबलच्या तोंडाशी बघ. तिथं वेगळ्या दातांचं गियर बसवलं की वैधमापनची, म्हणजे वजनमाप खात्याची, तार आणि शिक्का शाबूत राहतो आणि आकडा पळतो. तपासणारा वर मीटरकडं बघतो, खाली चाकापाशी वाकत नाही.

गियरबॉक्स: सगळ्यांना चोर ठरवू नका. गाडी आरशासारखी ठेवून, सजवून चालवणारी माणसं याच गावात आहेत.

जुना_मिस्त्री: चोर कुणाला म्हटलं? तपासणी कुठं आंधळी आहे ते सांगतोय. तुला झोंबत असेल तर झोंबू दे.

शाहूपुरीकर: बरं. परमिट आणि भाड्याचा दर राहू दे, तेवढं मागे घेतो. स्टँडचा नंबर मात्र नाही. सवारीनं रांगेतल्या कुठल्याही रिक्षात बसावं.

मंगळवारपेठ_ताई: रांगेतली कुठलीही चालेल. पण मग दोन तास उभा असलेला पहिला लांबच्या भाड्यालाही मुकणार, त्याचं काय? ज्यानं भाडं नाकारलं त्यानं रांगेच्या शेवटी जावं, एवढाच नियम करा.

शाहूपुरीकर: हे चालेल.

जुना_मिस्त्री: आणि पासिंगला नवा टायर, घरी गेल्यावर जुना, हे कोण थांबवणार? गाडी आठ वर्षांची होईस्तोवर दोन वर्षांतनं एकदाच पासिंग आहे. मधे एकदा रस्त्यावर थांबवून टायर आणि केबल दोन्ही बघा, पाच मिनिटांचं काम आहे.