सलूनमधलं घड्याळ : कोन्तं घ्यावं अन् कोन्त्या हाताले बांधावं

(घरच्या ग्रुपवरच्या गप्पा. नावं एका फोनात सेव्ह हायेत तशी; भाचा हा पार्लरवाल्या ताईचा पोरगा.)

पुतणी दिग्रस: लग्नसराई सुरू झाली. सकाळी दहा ते रात्री नऊ उभी ड्युटी आहे. हातात ग्लोव्हज, त्याले कलर लागलेला, फोन काढताच येत नाही. स्मार्टवॉच घ्यायचा विचार करून राह्यली. बजेट अडीच-तीन हजार. कोन्तं घेऊ?

भाचा मोबाईल: ताई, 1.96 इंचवालं अमोलेड स्क्रीनचं घे. ब्लूटूथ कॉलिंग, शंभर स्पोर्ट्स मोड, बीपी, ऑक्सिजन, सगळं येते त्यात.

ताई पार्लर दारव्हा: शंभर स्पोर्ट्स मोड तिले कायले रे? ती काय सलूनात कबड्डी खेळते? सलूनात घड्याळाचे काम दोनच. टायमर, अन् हाताले जाणवणारा झटका. आधी ते पाहा, मंग स्क्रीन.

ताई पार्लर दारव्हा: रूट टचअपचा कलर 30-35 मिनिटं. ब्लीच लावली तर दर पाच मिनिटाले फॉईल उघडून पाहा लागते. स्पाचा मास्क 15-20 मिनिटं. म्हंजे तीन खुर्च्या अन् तीन वेगळ्या वेळा. स्वस्तातल्या बऱ्याच घड्याळात काउंटडाऊन एकच चालते, दुसरा लावला का पहिला गेला. दुकानात उभ्या उभ्या तपासजो: एक टायमर लाव, मागं डायलवर ये, दुसरा लावून पाह्य. नाही लागला तर अलार्मवर काम चालवा लागते. 11.10 ले कलर लावला तर 11.45 चा अलार्म. अलार्म आठ-दहा तरी बसतात अन् एकामेकाले पुसत नाहीत.

पुतणी दिग्रस: आत्या, ग्लोव्हज घालून अलार्म कसा लावू? स्क्रीनले कलर लागन ना.

ताई पार्लर दारव्हा: कलर कालवायच्या आधीच लावायचा. वाटीत डेव्हलपर (कलरमधी कालवायचं रसायन) ओतायचा, अलार्म लावायचा, मंग ग्लोव्हज. लावायला जेवढी मिनिटं लागतात तेवढी वरून धर, कारण डब्यावरचा वेळ सगळा कलर लावून झाल्यावर मोजायचा असते.

भाचा मोबाईल: बाजूच्या बटणाला शॉर्टकट देता येतो का तेही बघून घे. काहीमध्ये बटण एकदा दाबलं की थेट टायमर उघडतो. ओल्या ग्लोव्हजनं टच नीट चालत नाही, बटण चालतं. कोरडा पातळ नायट्राइल ग्लोव्ह असला तर टचही चालून जातो.

दादा सलून नेर: झटक्याचं माझ्याकडून ऐक. काही घड्याळं एकदाच दोन सेकंद थरथरतात अन् चूप. हातात ड्रायर असला तर तो सोताच थरथरते, त्यात घड्याळाचा झटका कुठंच जाते. क्लिपर मशीनचंही तसंच. म्हून सेटिंगमधी व्हायब्रेशन सगळ्यात जास्त पाह्यजे, अन् बंद करेपर्यंत वाजत राहणारं पाह्यजे. दुकानदाराले म्हण, अलार्म लावून दाखव. डब्यावरचा फोटू पाहून घेऊ नको.

पुतणी दिग्रस: अन् मोठेबाबा, कोन्त्या हातात? सगळे डावा म्हणतात.

दादा सलून नेर: कैची ज्या हातात नाही त्या हातात. तू उजवी हायस, तर डावा. पण डाव्या हाताचंही एक हाय. बोटात बट धरून मनगट मागं वाकवलं का बाजूचं गोल बटण पंजाच्या पाठीत रुतते. मंग घड्याळातला व्यायामाचा मोड सुरू होते, नाही तर कोणाले फोन लागते. बटण जास्त वेळ दाबलं का एसओएस (मदतीचा इशारा) जाणारी घड्याळं हायेत, ते तर आधी बंद कर.

भाचा मोबाईल: मामा बरोबर बोलले. ॲपल अन् सॅमसंगमध्ये बटण कोपराकडे करून डायल उलटा फिरवायची सेटिंग असते. आपल्या बजेटमधल्या बहुतेकात नसते. मग घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराकडे सरकवायचं. बटण रुतत नाही अन् नाडीचा सेन्सरही तिथं बरा बसतो. ॲपमध्ये ‘डावं मनगट’ निवडायला विसरू नको.

दादा सलून नेर: पट्टा मात्र सिलिकॉनचाच. जाळीवाला स्टीलचा पट्टा दिसाले गोड, पण गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून हात गेला का चार केस ओढून आणते. बाई ओरडली म्हंजे समज.

ताई पार्लर दारव्हा: चामड्याचा नको, पाण्यानं फुगते अन् वास मारते. कापडी नायलॉनचा कलर पिते. अन् सिलिकॉनमधीही काळाच. गुलाबी, पांढरा घेशीन तर पहिल्याच आठवड्यात ठिपके. डाय ट्यूबमधून निघते तवा फिकी असते, हवा अन् डेव्हलपर लागला का काळी पडत जाते. एकदा काळी पडून सिलिकॉनमधी मुरली का निघत नाही. थेंब पडला त्याच मिनिटाले ओल्या कपड्यानं पुसजो. नेलपेंट रिमूव्हर लावू नको. ॲसिटोननं प्लास्टिकची बॉडी पांढुरकी पडते अन् काचेवरचा थर जाते.

भाचा मोबाईल: म्हणूनच साधा क्विक रिलीज पट्टा बसतो तेच घड्याळ घे, 20 किंवा 22 एमएम. मागे छोटी खुंटी असते, नखानं सरकवली की पट्टा निघतो. असा पट्टा दिग्रसच्या बाजारातही मिळून जाईल. कंपनीचा स्वतःचा खटका असलेला पट्टा असला तर तुटल्यावर ऑनलाइन मागवून वाट पाहत बस. दोन काळे पट्टे ठेव, एक हातात, एक धुवून वाळत.

पुतणी दिग्रस: हेअरवॉशच्या वेळी काढून ठेवू का? डब्यावर आयपी68 (पाणी-धूळ आत जात नाही याचा दर्जा) लिहिलेलं असते.

भाचा मोबाईल: आयपी68 ची चाचणी साध्या स्वच्छ पाण्यात होते. 5 एटीएम म्हणजे 50 मीटर खोल पाण्याइतका स्थिर दाब, तोही साध्या पाण्याचा. शाम्पू, गरम पाणी, वाफ यातलं काहीच त्यात मोजलेलं नाही. शाम्पूनं पाण्याचा ताण कमी होतो अन् जिथं साधं पाणी शिरत नाही तिथं ते शिरतं. वरून आतलं रबरी सील वापरानं म्हातारं होतं. नवीन असताना टिकलं म्हणून वर्षभरानं टिकेलच असं नाही.

भाचा मोबाईल: दिवसाचे आठ-दहा हेअरवॉश असतील तर बेसिनजवळ एक डबी ठेव अन् काढूनच टाक. नाही जमलं तर वॉटर लॉक लाव, त्यात टच बंद होतो. नाही तर शॉवरचं पाणीच स्क्रीन दाबत राहतं, कोणाला फोन लागेल नेम नाही. लांब कफचा ग्लोव्ह घड्याळावरून ओढला तरी बरंच काम होतं.

ताई पार्लर दारव्हा: फेशियलच्या स्टीमरपाशी नेऊच नको. अन् स्ट्रेटनर 230 डिग्रीपर्यंत जाते, केराटिनच्या वेळी त्याची प्लेट पट्ट्याले टेकली का चट्टा पडलाच.

भाचा मोबाईल: अन् काचेखाली धुकं दिसलं तर एक गोष्ट अजिबात करू नको. ड्रायर मारू नको! सलूनवाल्यांचा हात आधी तिकडंच जातो. गरम हवेनं काच धरून ठेवणारा गोंद सुटतो अन् वाफ आणखी आत ढकलली जाते. घड्याळ बंद कर, चार्जिंगला लावू नको, पंख्याखाली सावलीत दोन दिवस ठेव. तांदळाच्या डब्यात टाकून फायदा नाही, उलट पीठ भोकात जातं.

दादा सलून नेर: पाण्यापेक्षा बारीक केस वाईट. मशीन मारली का जे कुसासारखे तुकडे उडतात ते पट्ट्याखाली जातात, माइकच्या भोकात जातात, बटणाच्या फटीत बसतात. मंग बटण अर्धंच दबते अन् लोक म्हणतात घड्याळ खराब. रोज रात्री दुकान झाडलं का जुना नरम टूथब्रश कोरडाच फिरवायचा. सुई, टाचणी भोकात घालू नको. ते भोक माइकचं हाय का हवेच्या दाबाचं, आपल्याले काय ठाऊक?

भाचा मोबाईल: आणखी एक, हे फक्त सलूनातच होतं. मॅग्नेटवाला चार्जर ट्रॉलीवर ठेवू नको. त्याच्या मॅग्नेटला बॉब पिना चिकटतात. एक पिन दोन टोकांवर आडवी बसली की शॉर्ट. चार्जर गरम होतो, कधी टोक जळून काळं पडतं. काम झालं की प्लगमधून काढ अन् झाकणाच्या डबीत टाक. घामानं घड्याळाच्या मागच्या टोकांवर हिरवट थर येतो, तो कोरड्या कापडानं पुसूनच चार्जिंगला लाव.

पुतणी दिग्रस: डब्यावर सात दिवस बॅटरी लिहिलेली असते. खरंच टिकते का?

भाचा मोबाईल: कॉलिंग चालू ठेवलं तर निम्म्याच्याही खाली येते. अन् ‘हात उचलला की स्क्रीन पेटव’ हे आधी बंद कर. ब्लो ड्राय करताना दर मिनिटाला पाच वेळा हात उचलला जातो, तितक्यांदा स्क्रीन पेटते. बॅटरी त्यातच जाते. ऑलवेज ऑनही बंद. टॅप केल्यावर पेटलेली पुरते.

दादा सलून नेर: अन् लाइट जाते त्याचं काय? रात्री लावावं तर सकाळी पाह्यते तं चार्जच नाही.

भाचा मोबाईल: एवढ्याशा बॅटरीला तास-दीड तास खूप झाला. लाइट असेल तेव्हा दुपारी जेवताना लावायचं. साध्या 5 व्होल्ट 1 अँपिअरच्या चार्जरवर. 67 वॉटच्यावर लावून लवकर होत नाही. फक्त मे महिन्यात टिनाच्या दुकानात भर दुपारी लावू नका. 45 अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, अन् आपल्याकडं तर बाहेरच तेवढं असतं.

वहिनी सिस्टर: मी मघापासून वाचतेय, बीपीवर बोलते. या किमतीतल्या घड्याळाचा बीपी औषधाच्या गोळ्या कमी-जास्त करायला वापरायचा नाही. दंडाला पट्टा फुगवून मोजतात तोच खरा. आणि साखर दाखवतो म्हणून कोणी घड्याळ विकत असेल तर सरळ उठून या. अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर इशारा दिला होता की सुई न टोचता साखर मोजणारं कोणतंही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. शुगरवाल्या माणसानं त्या आकड्यावर इन्शुलिन घेतलं तर जिवावर बेतेल.

पुतणी दिग्रस: मोठीआई, ठोके तरी बरोबर दाखवते का?

वहिनी सिस्टर: शांत बसून मोजलेले बऱ्यापैकी जमतात. हिरवा दिवा कातडीवर पाडून रक्ताची लहर मोजतात. हात सारखा एकाच ठेक्यात हलत असेल, जसं कंगवा चालतो, तेव्हा ते हालचालीलाच ठोके समजतं. कापता कापता 130 दिसलं म्हणून घाबरू नको. पाच मिनिटं बस, परत बघ.

ताई पार्लर दारव्हा: पावलंही तशीच. खुर्चीपाशी एका जागी उभं राहून ब्लो ड्राय केलं तरी पावलं चढतात. दहा हजार झाले म्हून संध्याकाळी फिरणं सोडू नको. ‘उठा, बसून खूप वेळ झाला’ हे रिमाइंडर बंदच कर, सलूनात त्याले काही अर्थ नाही. त्याच्या जागी दर तासाले पाण्याचं लाव.

वहिनी सिस्टर: पट्ट्याखाली लाल चट्टा, खाज हे सलूनवाल्यांना हमखास होतं. पट्ट्याखाली शाम्पू, घाम आणि केस अडकून राहतात, हवा लागत नाही. दर हेअरवॉशनंतर मनगट आणि पट्टा दोन्ही कोरडे करायचे. पट्टा एक बोट आत जाईल इतका सैल. मनगट दिवसभर वाकवायचं काम आहे, घट्ट बांधलं तर मुंग्या येतात. चट्टा फक्त बकलच्या खाली असेल तर ते निकेलचं असू शकतं, प्लास्टिक बकलचा पट्टा घ्या. चट्टा हातभर पसरला तर घड्याळाला दोष देऊ नका, हेअर डायची ॲलर्जी असू शकते, डॉक्टरला दाखवा. आणि गिऱ्हाईक बदललं की काच पुसा. आम्ही वॉर्डात मनगटावर काहीच घालत नाही, ते उगीच नाही.

भाचा मोबाईल: आता जोडायचं. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडू नको, आधी कंपनीचं ॲप टाक अन् त्यातून जोड. कॉलिंगवाल्यात बहुतेक दोन नावं दिसतात, एक ॲपचं अन् एक कॉलचं. दुसरं जोडलं नाही तर नोटिफिकेशन येतात पण कॉलचा आवाज येत नाही. मग फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपला ‘नो रिस्ट्रिक्शन’ अन् ऑटोस्टार्ट दे. नाही तर फोन अर्ध्या तासानं ॲप झोपवतो अन् घड्याळावर काहीच येत नाही. दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच याच्याच असतात.

भाचा मोबाईल: नोटिफिकेशन फक्त कॉल अन् युपीआयचं ठेव. दुकानातच स्वतःला एक मराठी मेसेज पाठवून बघ. काही घड्याळात देवनागरी नसतं, नुसते चौकोन दिसतात. गिऱ्हाइकाचं नाव मराठीत सेव्ह केलं असेल तर कोण बोलावतंय तेच कळणार नाही.

दादा सलून नेर: अन् घड्याळावर फोनवर बोलू नको. स्पीकरवर सगळं सलून ऐकते. कट कर, फुरसतीत फोन लाव.

पुतणी दिग्रस: म्हंजे कॉलिंगवालं नको का मंग?

ताई पार्लर दारव्हा: कोन हाय ते दिसलं अन् कट करता आलं, बस. ते बिनाकॉलिंगच्या बॅण्डमधीही (पट्टीसारखं छोट्या स्क्रीनचं घड्याळ) होते, अन् बॅटरी जास्त टिकते. बॅण्ड पातळ असते, ग्लोव्ह वरून ओढता येते. अलार्म चांगला थरथरत असन तर मी तं बॅण्डच म्हणते.

भाचा मोबाईल: आईचं पटलं. मी मोठ्या स्क्रीनचं मागं घेतो. फक्त बॅण्डचा पट्टा बहुतेक त्याच कंपनीचा लागतो, 20-22 चा बसत नाही. म्हणून घेतानाच दोन काळे जास्तीचे मागव.

भाचा मोबाईल: अन् बिल जीएसटीचंच घे. डब्यावर बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) आर नंबर, म्हणजे नोंदणी नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. वॉरंटी साधारण एक वर्ष, पण पाणी गेलं असेल तर बहुतेक कंपन्या नाही म्हणतात. सर्व्हिस सेंटर यवतमाळात आहे की नागपूरला पाठवावं लागेल, ते पैसे द्यायच्या आधी विचार.

पुतणी दिग्रस: ठीक आहे, बॅण्ड पाहते. पण बाबाचं जुनं घड्याळ घरात पडून आहे, पट्टा तुटलेला. तोवर तेच वापरू का? पट्टा 22 चा मागवू का 20 चा?

भाचा मोबाईल: पट्टा मोजू नको. बॉडीला जिथं पट्टा बसतो त्या दोन कानांच्या मधली जागा स्केलनं मोज, आतून आतून. फोटो टाक.

पुतणी दिग्रस: दोन सेंटिमीटर अन् वर जराशी रेघ.

भाचा मोबाईल: वरची रेघ एक की दोन? दोन असतील तर 22.

पुतणी दिग्रस: दोन.