दोन साउंड कार्डं, तबला मागे पडतोय

भजनाच्या रेकॉर्डिंगला एका यूएसबी कार्डावर गायक-पेटी, दुसऱ्यावर तबला. दोन्हींचा सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले आवाजाचे नमुने) ४८००० हर्ट्झ. सुरुवातीला चोख, तासाभरानं मात्र थाप समेच्या मागे. असं का?

— सेटिंग सारखं असलं तरी प्रत्येक कार्डाचं क्रिस्टल, म्हणजे आतलं घड्याळ, वेगळं. ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक म्हणजे सेकंदाला २.४ सॅम्पल, तासाला १८० मिलिसेकंद. द्रुत लयीत सम गेलीच! एसपीडिफ (डिजिटल आवाजाची जोडणी) असेल तर एकाचं आउट दुसऱ्याच्या इनला जोडा, दुसऱ्याचं क्लॉक एक्स्टर्नल ठेवा, म्हणजे ते पहिल्याच्या घड्याळावर चालेल.

— मॅकवर अ‍ॅग्रीगेट डिव्हाइस करून (दोन्ही कार्डं मिळून एकच) ड्रिफ्ट करेक्शन, म्हणजे घड्याळांतला फरक भरून काढणारं सेटिंग, लावा.

— एसपीडिफ नाही, विंडोज आहे. झालेलं रेकॉर्डिंग वाचेल का? बुवांचा आवाज फार सुंदर लागलाय.

— वाचेल. गायकाच्या माइकमध्येही तबला शिरला असेलच. सुरुवातीची आणि शेवटची एकेक थाप दोन्हीकडे शोधा, त्या जुळेपर्यंत तबल्याचा ट्रॅक किंचित आवळा. पुढच्या वेळी चार इनपुटांचं एकच कार्ड घ्या.