मदत हवी आहे: शाळेतली रद्दी, तिचे पैसे आणि भेळेचा कागद (नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,

मी घणसोलीत राहते. मुलगी पालिकेच्या मराठी शाळेत सहावीला आहे आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत ७५ टक्के पालक लागतात, पण चहा झाल्यावरही बैठकीत बसून राहणारे आमच्याकडे दोन-तीनच. त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. तक्रार नाही, हौसेनेच घेतलंय.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर प्रत्येक वर्गात किराणावाल्याकडून आणलेली दोन-दोन खोकी ठेवली. एकात कागद, दुसऱ्यात प्लास्टिकच्या बाटल्या. शनिवारी शाळा सुटायच्या आधी सहावी-सातवीची मुलं गोण्या भरून जिन्याखालच्या खोलीत नेऊन ठेवायची. मला वाटलं होतं, वेगळं करायला शिकवण्यातच दिवाळी उजाडेल. कसलं काय! आमच्याकडच्या काही मुलांच्या घरी भंगाराचाच धंदा. त्यातल्या एकाने तिसऱ्याच दिवशी मला शिकवलं, "काकू, वहीचं चकचकीत कव्हर फाडून बाजूला टाका, त्याला भाव नाही. पिना काढत बसू नका, पिना कोण बघत नाही." तेव्हापासून तोच आमचा साहेब.

जुलैत खोलीत पाणी शिरलं आणि खालच्या तीन गोण्यांचा लगदा झाला. ती चूक माझी. गोण्या जमिनीवर ठेवायला नको होत्या. वरच्या वाचल्या त्या विकल्या. घरी वजनकाट्यावर आधी मी गोणीसकट उभी राहिले, मग नुसती, असं करत ४१ किलो भरले होते. भंगारवाल्याच्या काट्यावर ३३. किलोला १२ रुपयांनी ३९६ रुपये हातात आले. पाकिटात घालून मोठ्या बाईंकडे दिले. पुढच्या बैठकीत या ३९६ रुपयांवर पाऊण तास चर्चा झाली. कोणत्या खात्यात, कोणाच्या सहीने, ऑडिटला विचारलं तर उत्तर कोण देणार. पाकीट अजून कपाटात आहे.

खरं संकट त्यानंतरचं. शाळेसमोरच्या गाडीवर चौथीतल्या एका मुलीने भेळ घेतली. भेळ संपल्यावर कागद बघते तर तिच्याच वर्गातल्या मुलाचा घटक चाचणीचा गणिताचा पेपर! वर नाव, हजेरी क्रमांक आणि लाल शाईत २५ पैकी ६. सहाच्या वर्तुळावरच चिंचेच्या पाण्याचा डाग. दुपारपर्यंत वर्गभर झालं. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आईने तो कागद आणून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. ती आरडाओरडा करेल असं वाटलं होतं, पण ती काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

त्या दिवसापासून खोलीला कुलूप आहे. मोठ्या बाई वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं, "हे कागद बाहेर गेलेच कसे ते आधी लिहून द्या." गेले कसे, तर कुठल्या तरी वर्गात कपाट आवरताना जुने पेपर सरळ आमच्या खोक्यात टाकले गेले. शिक्षकांना आणखी जबाबदारी नको आहे आणि त्यात त्यांचंही चूक नाही. जनगणना, निवडणूक, आपत्ती सोडून दुसरी अशैक्षणिक कामं त्यांना देऊ नयेत असं आरटीईतच म्हटलंय. तरी त्यांच्या माथी काय काय मारलं जातं ते आपण बघतोच.

तर जाणकारांनी सांगावं. पैसे कसे घ्यायचे म्हणजे कोणाचं बोट कोणाकडे जाणार नाही? पेपर आणि रद्दी वेगळी कशी ठेवायची? आणि वेफर्स-बिस्किटांच्या वेष्टनांचं करायचं काय? भंगारवाला त्यांना हात लावत नाही आणि मुलं तर तीच सगळ्यात जास्त आणतात.

निवृत्त_गुरुजी, ठाणे

ताई, ठाण्यात पालिका शाळांतच माझी नोकरी गेली, म्हणून लिहितो. तुमच्याकडे दोन वेगळ्या वस्तू एकाच खोक्यात पडल्यात. मुलांच्या वहीचा फाटका कागद हा कचरा. उत्तरपत्रिका, हजेरीपत्रकं, जुनी रजिस्टरं हे शाळेचं दप्तर, म्हणजे अधिकृत कागदपत्रं. ते मुदतीपर्यंत सांभाळायचं आणि नंतर निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करण्याची, रीत पाळूनच काढायचं. त्याला तुमच्या मुलांनी हातही लावू नये. मोठ्या बाईंना लेखी द्या की समिती फक्त वर्गातला कागद घेईल, स्टाफरूम आणि ऑफिसातला घेणार नाही. त्यांचा अर्धा धसका तिथेच जाईल.

पैशाचं म्हणाल तर रोख घेऊच नका. समितीच्या बैठकीत दोन ओळींचा ठराव घ्या आणि इतिवृत्तात लिहा. समितीचं खातं असेल तर भंगारवाल्याने रक्कम थेट तिथे टाकायची. पावतीवर तारीख, वजन, दर. ते पाकीटही पुढच्या बैठकीत ठरावाने खात्यात भरून टाका, कपाटात फार दिवस राहिलेलं पाकीट कोणाचंच भलं करत नाही.

३३ आणि ४१ बद्दल: घरच्या काट्यावर अशी वजाबाकी केली की किलो-दोन किलोचा फरक पडतोच, पण आठ किलोचा नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापनवाले, म्हणजे वजनमापं तपासणारं सरकारी खातं, दर वर्षी पडताळणी करून शिक्का मारतात. पुढच्या वेळी तो शिक्का बघायला मागा. नुसतं मागितलं तरी काटा सुधारतो.

रबाळे_एमआयडीसी

प्लास्टिकच्या कारखान्यात आहे. बाटल्यांतून पैसे मिळतील ही आशा आधी सोडा. एक लिटरची रिकामी बाटली जेमतेम २०-२५ ग्रॅमची, म्हणजे किलोला चाळीसेक बाटल्या. झाकण काढून, चेपून भरा, नाहीतर गोणीत नुसती हवा जाते.

वेष्टनं भंगारवाला घेत नाही कारण त्यात प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये अॅल्युमिनियमचा मुलामा असतो. ते सुटे करणं कोणाला परवडत नाही. ती पालिकेच्या सुक्या कचऱ्यातच द्या.

मुलांना एक गंमत दाखवा. बाटली आणि झाकण कात्रीने बारीक कापून पाण्याच्या बादलीत टाका. बाटलीचे तुकडे बुडतात, झाकणाचे तरंगतात. आमच्याकडे धुण्याच्या टाकीत हेच मोठ्या प्रमाणावर करतात.

कोपरी_कट्टा

एवढा उपद्व्याप ३९६ रुपयांसाठी? त्यापेक्षा वर्गणी काढा, तासाभरात जमतील.

धागाकर्ती

गुरुजी, मनापासून आभार. "दप्तर" हा शब्द ऐकल्यावर मोठ्या बाईंचा चेहरा बदलला! गुरुवारच्या बैठकीत ठराव ठेवतेय. ऑफिसचं खोकं वेगळं नाही, तर ऑफिसला खोकंच नाही असं ठरलंय.

रबाळेकर, बादलीचा प्रयोग काल केला. आमच्या साहेबाने झाकणाचा तरंगणारा तुकडा बोटाने तीनदा खाली दाबून बघितला आणि म्हणाला, "हे बापाला सांगतो."

कोपरीकर, वर्गणी काढून बघा आमच्या वस्तीत, मग बोलू.

त्या मुलाच्या घरी मी जाऊन आले. आईने चहा दिला. पेपर तिने धुऊन वाळत घातलेला, तसाच फळीवर ठेवलाय. पुढच्या चाचणीत किती पडले ते मी विचारलं नाही.

अजून एक अडलंय. सामान अडकवून वजन करायचा स्प्रिंगचा काटा, ५० किलोपर्यंतचा, कोणाकडे पडून असेल तर सांगा. वाशी-ठाण्यापर्यंत मी येऊन घेऊन जाईन. आणि लाकडी फळ्या किंवा जुनं पॅलेट असेल तरीही, यापुढे गोण्या जमिनीवर ठेवणार नाही.